ही मागणी नव्हे

कोर्टाने दाजींना कर्जातून मोकळे केले त्या दिवशी ताईने जिन्यातूनच शेजारणीला ओरडून सांगितले, "सुटले हो आमचे हे, एकदाचे सुटले!"

शेजारीण कानाने अधू आणि मनाने हळवी. ती थोड्याच वेळात तोंड पाडून, डोळ्यांना रुमाल लावून दारात हजर झाली. दार दाजींनीच उघडले. अंगात बनियन, गालावर साबणाचा फेस. शेजारणीने जी किंकाळी फोडली तिने खालच्या मजल्यावरचे कुत्रे भुंकू लागले.

"या, या," दाजी म्हणाले. "मेलो नाही अजून. नुसता सुटलोय."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचे शोभेच्या माशांचे दुकान होते. 'होते' म्हणायचे, कारण दाजींना मासे विकायला आवडत नसे. गिऱ्हाइकाने एखादा मासा पसंत केला की ते म्हणत, "हा नको. तुमच्याकडे याला करमायचं नाही." अशा दुकानाचे दिवाळे निघायला बाजारात मंदी यावी लागत नाही. काचेच्या टाक्यांवाला, माशांच्या खाद्यावाला, वीजवाले, सगळ्यांचे देणे थकले. शेवटी दाजींनी कोर्टात जाऊन दोन्ही हात वर केले. कोर्टाने टाक्या विकल्या, मासे विकले, जे आले ते ज्यांचे देणे होते त्यांच्यात वाटून टाकले आणि दाजींना हुकूम दिला.

तो हुकूम मला मोठ्याने वाचायला लावण्यात आला. मी त्यांच्याच घरी मागच्या खोलीत राहतो. वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी करण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून दाजी मला 'विद्वान' म्हणतात. हे कौतुक नव्हे, एवढे कळण्याइतका मी विद्वान आहे.

"'सदर इसम सर्व ऋणांतून मुक्त झाला आहे,'" मी वाचले.

"सर्व म्हणजे सर्व ना, विद्वान?"

"व्याकरणाच्या दृष्टीने सर्वच. पण दाजी, कायद्याच्या दृष्टीने बहुधा..."

"व्याकरण बास आहे," दाजी म्हणाले, आणि त्या महिन्यापासून त्यांनी घराचा हप्ता भरायचे बंद केले.

घर बँकेकडे गहाण होते. बँकेने थोडे दिवस वाट पाहिली, मग पत्र पाठवले. पत्र इतके नम्र होते की मला ते दोनदा वाचावे लागले. आपल्या घरावरील गहाणखतापोटी अपेक्षित रकमा आमच्या नोंदीत दिसत नाहीत, असे त्यात होते, आणि खाली ठळक अक्षरांत: 'हे पत्र केवळ आपल्या माहितीसाठी आहे. ही मागणी नव्हे.'

दाजी हरखून गेले. "काय सभ्य माणसं आहेत! पैसे मागत नाहीत, नुसती माहिती देतात. हवामान खात्यासारखी."

"हवामान खातं सांगतं तेव्हा छत्री घ्यायची असते," ताई म्हणाली.

"तू शिव."

ताई कपडे दुरुस्त करून देते. विजारी आखूड करणे, कोट सैल करणे, चेन बदलणे. पुढच्या खोलीत खिडकीला लागून तिचे टेबल आहे. ते टेबल म्हणजे मुळात एक मोठे दार. दुकानाच्या दुरुस्तीत निघाले होते. शेजारी मशीन, कोपऱ्यात पडदा लावून कपडे बदलायची जागा. ताईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आहे. हे तिने दाजींना सांगितलेले नाही आणि मला कळले आहे हे तिला माहीत नाही. पण गिऱ्हाईक काळी विजार घेऊन आले की ती टेबलाच्या त्याच एका कोपऱ्यात सरकते जिथे दुपारपर्यंत थेट उजेड येतो. काळ्या कापडावर काळा दोरा तिला तिथेच दिसतो, दुसरीकडे कुठेही नाही.

पत्रे येत राहिली. सगळी माहितीसाठी. दाजी ती वाचून झाली की घडी करून डगमगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली घालत. खुर्ची हळूहळू स्थिर झाली. मग एका सकाळी कोट सैल करायला आलेल्या एका जाड्या गृहस्थाने ताईला विचारले, "बाई, कोट लिलावाच्या आधी मिळेल ना?"

"कसल्या लिलावाच्या?"

"तुमच्या दारावर चिकटवलंय ते."

दारावर खरोखरच कागद होता. घराचा लिलाव, तारीख, वेळ, आणि खाली पुन्हा तीच ओळ: ही मागणी नव्हे.

ताईने गृहस्थांचे माप घेतले, त्यांना आठवड्याने यायला सांगितले, मग टाचण्यांची डबी बंद केली आणि म्हणाली, "उठा दोघं. वकिलाकडे जायचंय."

वकिलीणबाईंचे ऑफिस एका लाँड्रीच्या वर होते. खालची वाफ फळ्यांतून वर येई, त्यामुळे त्यांच्या सगळ्या फायली किंचित फुगलेल्या आणि बाई स्वतः कायम घामाघूम. त्यांनी हुकूम वाचला, गहाणखत वाचले, दारावरून काढून आणलेला कागद वाचला आणि दाजींकडे, डॉक्टर एक्स-रे पाहून पेशंटकडे पाहतो तसे पाहिले.

"हप्ते का थांबवलेत?"

"मी मुक्त आहे," दाजी म्हणाले.

"तुम्ही आहात. घर नाही."

"म्हणजे?"

"गहाणाचं कर्ज दोन दाव्यांनी बांधलेलं असतं. एक दावं तुमच्या गळ्यात, एक घराच्या. कोर्टानं तुमचं कापलं."

"आणि घराचं?"

"घर कुठं गेलं होतं कोर्टात? घराचं दिवाळं निघालंय का? ते आपलं जागच्या जागी उभं आहे, दावं गळ्यात घेऊन."

दाजींनी माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले.

"पण बँक तर मागत नाही," दाजी म्हणाले. "प्रत्येक पत्रात लिहून देतात."

"मागूच शकत नाही. तुमच्याकडे पैसे मागितले तर कोर्ट बँकेचे कान उपटेल. हुकमाचा अपमान होतो."

"मागता येत नाही, तर मग घर घेता कसं येतं?"

"तेच तर. मागता येत नाही, घेता येतं. यालाच कायदा म्हणतात."

खाली लाँड्रीत कोणीतरी मोठी इस्त्री आपटली.

"उपाय सांगा," ताई म्हणाली.

उपाय सोपा होता. म्हणजे वकिलीणबाईंना सोपा वाटत होता. दाजींनी बँकेकडे अर्ज करायचा की मी स्वेच्छेने हप्ते पुन्हा सुरू करतो, थकलेले हप्ते मुदतीच्या शेवटी जोडा. बँका सहसा मान्य करतात. लिलाव करण्यापेक्षा त्यांना ते परवडते. पुढचे हप्ते ताईच्या शिवणातून भागले असते, तो हिशेब तिने येतानाच करून ठेवला होता. पण घर दाजींच्या नावावर, त्यामुळे अर्जही त्यांचाच हवा.

"म्हणजे मी पुन्हा कर्जदार?"

"नाही. तुम्ही मुक्तच. उद्या पुन्हा भरायचं सोडलंत तर घर जाईल, पण तुमच्या पाठीमागे कोणी लागणार नाही."

"म्हणजे देणं लागत नाही, तरी द्यायचं?"

"हो."

"असला वेडेपणा कोण करतं?"

"ज्याला घरात राहायचं असतं तो."

दाजी विचारात पडले. मला वाटले, झाले, पटले. पण मला नेहमीच लवकर वाटते. रस्त्यावर आल्यावर ते म्हणाले, "ठीक आहे. त्यांनी मागू दे. मागितलं की देतो."

"अहो, त्यांना मागता येत नाही, आत्ताच नाही का ऐकलंत?"

"मग मला देता येत नाही."

आता दाजींबद्दल एक सांगायला हवे. ते आग्रहाचे मानकरी आहेत. जेवायला बसा म्हटले की "तुम्ही बसा, मला भूक नाही". वाढायला गेले की "नको". नाही वाढले की दिवसभर फुगून. लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत ते एकदाही पहिल्या हाकेला ताटावर आलेले नाहीत. ताई म्हणते, यांना स्वर्गातून बोलावणे आले तरी हे दोनदा परत पाठवतील. तेवढ्या एका गोष्टीने मला त्यांच्या तब्येतीची कधी काळजी वाटली नाही. पण इथे एक बाजू आग्रहाशिवाय हलणार नव्हती आणि दुसऱ्या बाजूला आग्रह करायला कोर्टाची मनाई होती. तारीख मात्र दोघांचीही वाट न पाहता जवळ येत होती.

ताईने बँकेला कळवले की कोणाला तरी घरी पाठवा. एक मुलगी आली. तिच्या खात्याचे नाव पूर्वी 'वसुली' होते, आता 'ग्राहक संवाद' झाले होते. पण पादत्राणे वसुलीचीच होती, झिजलेली. तिने फाइल छातीशी धरली होती, आणि दाजींना पाहताच ती एका दमात म्हणाली, "नमस्कार आजोबा मी फक्त माहिती द्यायला आले आहे मी काहीही मागत नाही."

"बसा," दाजी म्हणाले. "किती द्यायचेत ते बोला."

"मी 'द्या' असं म्हणू शकत नाही."

"मग 'दिलेत तर बरं होईल' म्हणा."

"तेही नाही."

"नुसतं 'बरं' म्हणा."

"कशाला बरं?"

"कशालाही. मी काय समजायचं ते समजतो."

मुलगी घाबरली. "आजोबा, माझी नोकरी जाईल. आम्हाला महिनाभर शिकवलंय. काय म्हणायचं नाही त्याची वही आहे."

ताई मशीनवरून म्हणाली, "पाणी हवंय का गं?"

"चालेल."

"बघा!" दाजींनी मांडीवर थाप मारली. "पाणी मागितलं!"

"मागितलं नाही, चालेल म्हटलं," मुलगी म्हणाली. तिला खरोखरच चांगले शिकवले होते.

मी पाणी आणून दिले. तिने अर्जाचा कोरा नमुना फाइलमधून काढला आणि टेबलावर, कापडाच्या तुकड्यांपासून जरा दूर, असा ठेवला जणू तो तिच्या हातून चुकून पडला असावा. मग खिडकीबाहेर पाहू लागली. दाजी अर्जाकडे पाहत होते, अर्ज छताकडे पाहत होता. ताईचे मशीन चालू होते. तो आवाज मी जन्मभर ऐकत आलो आहे. त्या दिवशी तो मला पहिल्यांदाच चिडलेला वाटला.

"आजोबा, एक विचारू?" मुलगी म्हणाली. "हा प्रश्न वहीत नाही, म्हणजे चालत असावा. तुमच्याकडे नाहीयेत का?"

"आहेत. बायकोकडे आहेत."

"मग?"

दाजींनी अर्ज बोटाने थोडा दूर सारला. मग म्हणाले, "पोरी, तुला दुकान आहे का?"

"नाही."

"दुकानाच्या दाराला घंटा असते. मी लावली होती, पितळेची, हौसेनं. ती वाजली की मी आधी दाराकडे चोरून बघायचो. गिऱ्हाईक असेल की मागायला आलेला असेल? शेवटी शेवटी मी मोठ्या टाकीच्या मागे जाऊन उभा राहायचो. पलीकडून माणूस दिसायचा, मोठा, वाकडातिकडा, मध्ये मासे. मासे बरे, ते काही मागत नाहीत. आता कोर्टानं सांगितलं की कोणी मागायचं नाही. पहिल्यांदाच मी घरात दारासमोर बसतोय. आणि आता तुम्ही सगळे म्हणता, ऊठ, तिकडे जा आणि हात जोडून म्हण, घ्या हो घ्या. न मागता!"

मुलीने पाण्याचा पेला खाली ठेवला. मला काहीतरी बोलावेसे वाटले. मी बरेच वाचले आहे; अशा वेळी बोलण्यासारखी वाक्ये मला निदान दहा तरी यायला हवी होती. एकही आले नाही.

मशीन थांबले.

"यांच्याकडे मागायला बँकेला बंदी आहे ना?" ताईने विचारले.

"हो, आजी."

"मला?"

मुलीने फाइल उघडली, एक पान उलटले, दुसरे उलटले. "तुमच्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

ताई उठली. गळ्यात मापाची फीत, हातात कापड कापायची मोठी कात्री तशीच. ती दाजींच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"मग मी मागते. मला हे घर पाहिजे."

"अगं..."

"मला ती खिडकी पाहिजे. मला तिथं दिसतं. दुसरीकडे आता दिसत नाही."

दाजींनी मान वर केली. "दिसत नाही म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाही. काळ्यावर काळं दिसत नाही. जिथं जाऊ तिथल्या खिडक्या कशा असतील मला ठाऊक नाही, आणि या वयात मी खिडक्या शोधत हिंडणार नाही."

"हे मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत. मी मागितलं नाही. आपलं सगळं तसंच चाललंय."

दाजींना ते लागले असावे, कारण ते लगेच भांडायला उभे राहिले. "तू कधी काही मागितलंसच नाहीस, तर मला कसं कळणार?"

"मागितलं होतं. एकदा. तुमच्या दुकानात येऊन मागणी मीच घातली होती. आठवतंय? तुम्ही म्हणालात, 'बघू, आधी पाणी बदलतो.'"

मुलीने फाइल तोंडासमोर धरली. फाइल हलत होती.

"बदललं होतं की नाही मग?" दाजी म्हणाले. "बदलून झाल्यावर हो म्हणालो की नाही?"

"म्हणालात. तासाभरानं. मी तोवर टाकीपाशी उभी होते, आणि एक मासा माझ्याकडे बघून तोंड उघडत-मिटत होता. आज मला तासभर नाहीये. बँकेची ती मागणी नव्हे, बरोबर आहे. ही आहे."

आणि तिने हात पुढे केला. कात्री असलेला. मग लक्षात आल्यावर दुसरा.

दाजी त्या हाताकडे पाहत राहिले. सवयीप्रमाणे त्यांच्या तोंडून "नको, तू..." असे काहीतरी सुरू झाले, पण पुढे सरकले नाही. मग ते माझ्याकडे वळून खेकसले, "विद्वान, पेन द्या. बघताय काय?"

मी खिशातले पेन दिले. दाजींनी अर्ज जवळ ओढला आणि इतक्या जोरात सही केली की खाली अस्तराच्या कापडावर ती उमटली. मुलगी आता जागी झाली.

"एक मिनिट आजोबा. मला हे वाचून विचारावं लागतं. 'हा अर्ज आपण स्वेच्छेने करीत आहात. आपल्यावर कोणाचाही दबाव नाही.' बरोबर?"

"चूक," दाजी म्हणाले.

"अहो!"

"खरं ते सांगतोय. दबाव आहे."

मुलीने अर्ज हळूच मागे ओढला. "मग मला हा घेता येणार नाही."

ताईने कपाळाला हात लावला, कात्रीचाच.

"कोर्टात शपथ घेतल्यापासून मला सवय लागलीय," दाजी म्हणाले. "खोटं निघत नाही तोंडातून. बघा ना, ही समोर शस्त्र घेऊन उभी आहे. याला स्वेच्छा कोण म्हणेल?"

मुलगी अर्जावर वाकली. बारीक अक्षरे ती बोट ठेवून वाचत होती. आम्ही तिघेही त्या बोटाकडे पाहत होतो. लिलावाची तारीख त्या बोटाखाली कुठेतरी दबा धरून बसली आहे असे मला वाटत होते.

"दबाव कोणाचा?" तिने विचारले.

"हिचा."

"बँकेचा नाही ना?"

"बँकेचा कसला? बँक पाणीसुद्धा मागत नाही."

"मग जमेल!" मुलगी म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. "इथं मागच्या बाजूला खुलासा आहे. 'कोणाचाही' म्हणजे बँकेचा, तिच्या नोकरांचा किंवा प्रतिनिधींचा. घरच्या दबावाला रकानाच नाही."

"घरच्या दबावाला रकाना ठेवला तर एकही अर्ज यायचा नाही," ताई म्हणाली.

साक्षीदार म्हणून मला सही करायची होती. 'वरील सही माझ्या समक्ष व स्वेच्छेने झाली' असे छापले होते. मी थबकलो. समक्ष झाली हे खरे. स्वेच्छा म्हणजे नेमके काय, यावर वाचनालयात एक अख्खे कपाट होते, आणि ते वाचून कोणाचेच एकमत झालेले मला आठवत नव्हते. शिवाय माझ्या सहीवर एक घर उभे राहावे, इतकी माझी सही चांगलीही नाही.

"अरे, कर की!" ताई म्हणाली.

मी केली. तीही, म्हटले तर, स्वेच्छेनेच.

मुलीने शिक्का मारला, तारीख घातली, लिलाव थांबवायची सूचना आजच जाईल असे सांगितले आणि पोच म्हणून एक चिठ्ठी दिली. ती उठली, तेव्हा तिच्या कोटाच्या बाहीचे बटण लोंबत असलेले ताईला दिसले. उजेडात आली होती ना. ताईने तिला पुन्हा बसवले, बाही ओढून घेतली आणि बटण शिवता शिवता विचारले, "पोरी, घरावर यांच्याबरोबर माझंही नाव घालायचं असेल तर काय लागतं?"

"मालकाचा अर्ज लागतो, आजी. आणि बँकेची हरकत नसावी लागते. सहसा नसते."

दाजी दचकले. "आता हे काय नवीन?"

"मागायला लागलेच आहे तर सगळंच मागून घेते," ताई म्हणाली. "परत कधी सुचेल कोण जाणे."

"अगं, एका दिवशी दोन-दोन अर्ज?" त्यांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिले. मी पेनाचे टोपण लावत होतो. ते काही केल्या नीट बसेना. "बरं, आणि हाही स्वेच्छेनंच करायचा का?"

ताईने दोरा दाताने तोडला.

"छे. हा मी सांगते म्हणून."